विद्यापीठाची जुनी ईमेल आणि वेब होस्टिंग व्यवस्था कशी बंद करावी

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात एखादा जुना मेल सर्व्हर वर्षानुवर्षे चालू राहतो तो बहुधा भीतीपोटी. त्याला हात लावला तर नेमके काय थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही, ज्याने तो बसवला तो केव्हाच निवृत्त झालेला असतो, आणि ‘चालतेय ना, मग चालू द्या’ हा आपल्या कार्यालयांचा अलिखित नियम असतो. मुंबईत हा प्रश्न इतर शहरांहून थोडा जुना आहे. देशातील शैक्षणिक संगणकजाळ्याचा पाया घालणारा अर्नेट प्रकल्प १९८६ साली सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या आठ भागीदारांपैकी दोन, म्हणजे जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी, याच शहरातल्या होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते त्यानंतर नऊ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यामुळे येथील काही प्राध्यापकांचे ईमेल पत्ते त्यांच्या आजच्या विद्यार्थ्यांहून वयाने मोठे आहेत, आणि ते शोधनिबंधांत, बँकेच्या खात्यांत, निवृत्तिवेतनाच्या पत्रव्यवहारात सर्वत्र पसरलेले आहेत. यंत्र एका दुपारी बंद करता येते, पण हे पसरलेले पत्ते आवरायला दीड-दोन वर्षे लागतात, आणि पुढील सर्व सूचना हाच हिशेब धरून दिलेल्या आहेत.

व्यवस्था कालबाह्य झाली हे कशावरून ठरवावे

यासाठी समिती नेमण्याची आवश्यकता नाही. सर्व्हरवर काय चालते आहे एवढे पाहिले तरी पुरते. सेंटओएस या सर्व्हरच्या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीची सुरक्षा दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२० रोजी थांबली आणि सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ रोजी. पीएचपी ५.६ चा, म्हणजे संकेतस्थळे चालवणाऱ्या भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, आधार २०१८ च्या अखेरीस संपला. अनेक संस्थांत ईमेल उघडण्यासाठी वापरली जाणारी स्क्विरलमेल ही प्रणाली २०११ नंतर नव्या स्थिर आवृत्तीविना राहिली आहे, आणि विभागांच्या मेलिंग लिस्ट मेलमन या ज्या जुन्या प्रणालीवर चालतात ती पायथन २ या भाषेवर उभी आहे, ज्याचा आधार १ जानेवारी २०२० पासून नाही. यांपैकी दोन गोष्टी जरी आढळल्या, तरी चर्चा ‘बंद करावे का’ यावरून ‘केव्हा बंद करावे’ याकडे वळवावी.

प्रशासनाला पटवायचे असेल तर मात्र आवृत्त्यांची यादी कामाला येत नाही, न पोहोचलेली पत्रे येतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने, गूगलच्या हिशेबात जीमेल पत्त्यांवर दिवसाला सुमारे पाच हजार, ईमेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची यादी), डीकेआयएम (पत्रावरची सांकेतिक सही) आणि डीमार्क (या तपासात न टिकलेल्या पत्राचे काय करावे याची सूचना) या तिन्ही ओळखखुणा सक्तीच्या केल्या. परीक्षा विभागाने प्रवेशपत्रांची सूचना एका सकाळी पाठवली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि जुन्या सर्व्हरवर बहुधा या तीनपैकी एकच खूण, तीही अर्धवट, असते. विद्यार्थ्यांना ईमेल मिळाला नाही ही तक्रार कुलसचिवांच्या टेबलावर पोहोचली की निधीची टिपणी लवकर पुढे सरकते, असा माझा अनुभव आहे.

कोण कोण टेकलेले आहे याची शिरगणती

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. वापरकर्त्यांची यादी काढणे सोपे असते, पण त्या यादीत नसलेले खरे अडचणीचे ठरतात. जुन्या मेल सर्व्हरमार्फत माणसांखेरीज यंत्रेही पत्रे पाठवत असतात: ग्रंथालयाची संगणकप्रणाली, झेरॉक्स आणि स्कॅन करणारी यंत्रे, यूपीएसचा इशारा, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, शुल्कभरणा प्रणाली. त्यांपैकी कित्येकांच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचे नावही नसते, नुसता आयपी पत्ता टंकलेला असतो, म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींत, काहीही बदलले तरी ती यंत्रे जुन्याच दारावर टकटक करीत राहतात. सर्व्हरच्या नोंदवह्यांमधून, म्हणजे लॉगमधून, कोणत्या अंतर्गत पत्त्यांवरून पत्रे येतात याची यादी काढावी आणि प्रत्येक पत्त्यामागचे यंत्र प्रत्यक्ष जाऊन शोधावे. मी पूर्वी काम करीत असलेल्या एका संस्थेत ही पायरी घाईत उरकली गेली. ग्रंथालयाची ‘पुस्तक परत करा’ ही स्मरणपत्रे बंद पडली आणि दोन महिने कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण दंडाची आठवण आली नाही अशी तक्रार करायला कोणी विद्यार्थी येत नाही.

लॉग किती काळाचा पाहावा, हाही विचार करावा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपून ठेवणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच ठेवले जातात. विद्यापीठाचे काम मात्र वर्षाच्या चक्राने चालते. पदवीदान समारंभाचा अर्ज, पीएचडी प्रवेशपरीक्षेचे पान, दरवर्षी एकदाच वापरला जाणारा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा पत्ता, हे सहा महिन्यांच्या लॉगमध्ये दिसतीलच असे नाही. म्हणून निर्णय झाल्या दिवसापासून लॉग पुसणे थांबवावे आणि शक्य असल्यास पूर्ण वर्षाची नोंद हाती येईपर्यंत अंतिम तारीख जाहीर करू नये.

माणसांच्या बाबतीत तीन गट वेगळे करावेत: कार्यरत, निवृत्त, आणि पदाच्या नावाचे पत्ते, म्हणजे कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, वसतिगृह अधीक्षक वगैरे. पदाच्या पत्त्यावरील पत्रव्यवहार हा कार्यालयीन अभिलेख आहे. त्याच्यावर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज येऊ शकतो, न्यायालयीन प्रकरणात तो मागवला जाऊ शकतो. त्यामुळे विधी कक्षाकडून लेखी अनुमती घेतल्याशिवाय अशी एकही पेटी पुसू नये. व्यक्तिगत पेट्यांच्या बाबतीत उलट दक्षता हवी. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा लक्षात घेता, दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांची पत्रे ‘असू द्यावीत’ म्हणून नव्या व्यवस्थेत ओढून नेणे योग्य नाही. त्यांना कळवावे, मुदत द्यावी, आणि मुदतीनंतर ती पुसावीत.

निवृत्त प्राध्यापकांविषयी माझे मत थोडे आग्रही आहे. त्यांच्या शोधनिबंधांवर पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून विद्यापीठाचाच ईमेल छापलेला असतो आणि तो आता कोणालाही बदलता येत नाही. त्यांची पेटी द्यायची नसेल तर देऊ नये, पण त्या पत्त्यावर आलेले पत्र त्यांच्या खासगी पत्त्याकडे वळवण्याची सोय आजन्म ठेवावी. तिला खर्च जवळजवळ लागत नाही. तोच पत्ता आडनाव आणि आद्याक्षर जुळले म्हणून नव्या व्यक्तीला देऊन टाकणे हा तर अक्षम्य प्रकार आहे, कारण जुन्या व्यक्तीच्या बँकेचा पासवर्ड बदलण्याचा दुवा उद्या त्या नव्या व्यक्तीच्या पेटीत येऊन पडेल.

सूचना कशी द्यावी

व्यवस्था बदलाचा काळ म्हणजे फसवणूक करणाऱ्यांचा हंगाम असतो. ‘आपली पेटी भरली आहे, नव्या सर्व्हरवर जाण्यासाठी येथे क्लिक करा’ अशी पत्रे एरवीही येतात, आणि खरोखरच स्थलांतर चालू असताना सावध माणूसही त्यांना बळी पडतो. म्हणून पहिले परिपत्रक कागदावर, कुलसचिवांच्या स्वाक्षरीने, सूचनाफलकावर आणि विभागप्रमुखांमार्फत जावे. त्यातील भाषा साधी असावी. उदाहरणार्थ:

‘विद्यापीठाची जुनी ईमेल सेवा येत्या ३० जानेवारी रोजी बंद होत आहे. आपला ईमेल पत्ता बदलणार नाही. तो उघडण्याची जागा बदलेल. आपली जुनी पत्रे संगणक केंद्र स्वतः हलवील. या कामासाठी आपला पासवर्ड कोणीही विचारणार नाही आणि कोणतीही लिंक पाठवली जाणार नाही. नवा पासवर्ड ओळखपत्र दाखवून संगणक केंद्रातून प्रत्यक्ष घ्यावा.’

तारीख निवडताना विद्यापीठाचे पंचांग समोर ठेवावे. जून-जुलैत प्रवेश, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिवाळी परीक्षा, मार्चअखेर लेखा विभागाचा ताळेबंद आणि त्याला लागूनच उन्हाळी परीक्षा व निकाल. दिवाळीची सुट्टी मोकळी वाटते, परंतु त्या आठवड्यात पुरवठादाराचा अभियंताही गावी गेलेला असतो. माझ्या मते जानेवारीचा उत्तरार्ध आणि शुक्रवारची संध्याकाळ हीच सर्वांत सोयीची वेळ.

पत्रे हलवणे

जुन्या सर्व्हरवर पत्रे बहुधा एमबॉक्स किंवा मेलडिर या दोन पद्धतींपैकी एकीने साठवलेली असतात. पहिल्या पद्धतीत संपूर्ण फोल्डर ही एकच लांबलचक फाइल असते, त्यामुळे तिच्यात मध्येच बिघाड झाला तर पुढची सगळी पत्रे संशयास्पद ठरतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. फाइलींची सरळ नक्कल करण्याऐवजी आयमॅपमार्फत, म्हणजे पत्रे सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पत्रे नेणारे आयमॅपसिंकसारखे साधन वापरावे, कारण त्यामुळे वाचलेली-न वाचलेली ही खूणही सोबत जाते, आणि तेच काम पुन्हा चालवले तर आधी गेलेली पत्रे दुबार होत नाहीत. सर्व्हरवर डव्हकॉट हे पेट्या सांभाळणारे सॉफ्टवेअर असेल तर त्यातील मास्टर युजरची, म्हणजे एकाच खात्यातून सर्व पेट्या उघडण्याची, सोय वापरून, कोणाचाही पासवर्ड न मागता, सर्व पेट्या हलवता येतात. मराठी नावांचे फोल्डर मात्र आधी एका पेटीवर तपासून पाहावेत. आयमॅपमध्ये अशी नावे एका विशिष्ट सांकेतिक लिपीत साठवली जातात आणि जुन्या प्रणालीने ती नीट लिहिली नसतील तर ‘परीक्षा मंडळ’ या फोल्डरऐवजी नव्या पेटीत निरर्थक चिन्हांची ओळ दिसते.

एक गट असा आहे की ज्याची पत्रे सर्व्हरवर मुळातच नसतात. पूर्वी प्रत्येकाला पेटीत मोजकीच जागा मिळत असे, म्हणून अनेक ज्येष्ठ प्राध्यापकांनी पॉप पद्धतीने पत्रे आपल्या टेबलावरील संगणकात उतरवून घेतली आणि सर्व्हरवरून पुसली. वीस वर्षांचा पत्रव्यवहार अशा एकाच जुन्या हार्ड डिस्कवर असू शकतो. नव्या पेटीत केवळ गेल्या आठवड्याची पत्रे दिसली की सरांचा फोन येतो, आणि ‘आमच्याकडे एवढीच होती’ हे उत्तर त्यांना पटत नाही. त्यात त्यांची चूकही नसते. ज्यांच्या पेट्या संशय यावा इतक्या रिकाम्या आहेत त्यांची यादी आधीच करून, त्यांच्या खोलीत जाऊन, ती पत्रे त्यांच्यासमोर नव्या पेटीत चढवावीत.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी कामाचा क्रम असा ठेवावा. पेट्यांची पहिली नक्कल पंधरा दिवस आधीच पूर्ण झालेली असावी. डीएनएसमधील एमएक्स नोंदीचा, म्हणजे पत्रे कोणत्या सर्व्हरवर द्यावीत हे सांगणाऱ्या नोंदीचा, टीटीएल (इतरांनी ती किती वेळ लक्षात ठेवावी तो अवधी) बहुधा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, असतो. तो किमान दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा, जेणेकरून बदल जगाला पाच मिनिटांत दिसेल, आणि चूक झाली तर मागेही तितक्याच लवकर येता येईल. शुक्रवारी संध्याकाळी एमएक्स नोंद नव्या सेवेकडे वळवावी, त्याच वेळी एसपीएफच्या नोंदीत नवी सेवा समाविष्ट करावी, आणि मग पेट्यांची दुसरी नक्कल चालवावी, म्हणजे मधल्या पंधरा दिवसांतील पत्रेही पोहोचतील. एसपीएफची नोंद तपासताना डीएनएसला लागणाऱ्या शोधांची संख्या दहाच्या वर जाणार नाही हे पाहावे; प्रत्येक विभागाने वेळोवेळी आपली सेवा त्यात घुसवलेली असते आणि अकरावा शोध लागला की संपूर्ण नोंदच निकामी ठरते. जुना सर्व्हर या दिवशी बंद करू नये. काही पाठवणारे सर्व्हर जुनी नोंद धरून बसतात, म्हणून निदान दोन आठवडे त्याने येतील ती पत्रे घेऊन नव्या सेवेकडे ढकलत राहावे.

संकेतस्थळे आणि जुनी मराठी पाने

ईमेलपेक्षा वेब होस्टिंगचा गुंता अधिक, कारण ईमेलच्या पेटीला मालक असतो आणि संकेतस्थळाला पुष्कळदा नसतो. एका परिषदेसाठी एका हौशी विद्यार्थ्याने २००९ साली केलेले जूमला या तयार प्रणालीवरचे संकेतस्थळ, परिषद संपून गेली तरी, आजही उघड्या दारासारखे तेथे असते, आणि हल्लेखोर आत शिरतो तो अशाच दारातून. प्रत्येक संकेतस्थळासाठी विभागप्रमुखांकडून एक ओळ लेखी घ्यावी: चालू ठेवायचे, गोठवायचे की काढून टाकायचे. उत्तर न आल्यास ‘गोठवायचे’ हेच उत्तर समजले जाईल, असे परिपत्रकातच लिहावे.

गोठवणे म्हणजे विदागारावर (डेटाबेसवर) चालणाऱ्या संकेतस्थळाची सर्व पाने साध्या एचटीएमएल स्वरूपात उतरवून घेणे आणि मागची प्रणाली काढून टाकणे. पाने जशीच्या तशी वाचता येतात, फक्त अर्ज भरणे आणि शोध घेणे बंद होते. तेथे तशी स्पष्ट सूचना टाकावी. काढून टाकायच्या पानांची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन झाली आहे ना, हे आधी पाहावे.

लिंक तुटू नयेत यासाठी जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वळवण्याचा तक्ता करावा. हे काम कंटाळवाणे असते, पण नॅक या उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेला सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल आणि वार्षिक गुणवत्ता अहवाल आठवावेत: त्यांत पुरावा म्हणून संकेतस्थळावरील असंख्य लिंक दिलेल्या असतात, आणि त्या उघडल्या नाहीत तर पुरावाच नाहीसा होतो. म्हणून तक्ता करताना प्रथम त्या अहवालांतील लिंक घ्याव्यात आणि मग उरलेल्या. वळवण्याची सूचना आरंभी ३०२, म्हणजे तात्पुरती, ठेवावी आणि महिनाभर सर्व ठीक चालल्यावर ३०१, म्हणजे कायमची, करावी. कायमची सूचना ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे तीत झालेली चूक दुरुस्त केल्यावरही काही वाचकांना चुकीचेच पान दिसत राहते.

मराठी पानांची अडचण मात्र अगदी आपली स्वतःची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची परिपत्रके आणि अभ्यासक्रम श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि त्यांवर देवनागरीचे रूप चढवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसला की उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. काही पाने आपला फॉन्ट सोबत पाठवत असत, पण ती सोय इंटरनेट एक्स्प्लोररपुरती होती आणि तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. अशा पानांचे रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, तरी त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलट: तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर टंकला जातो आणि युनिकोडमध्ये आधी. आणि मजकुरात मधूनच इंग्रजी शब्द किंवा आकडे असतील तर त्यांचेही देवनागरीत कडबोळे होते. अभ्यासक्रमात एखादी वेलांटी चुकली तर फारसे बिघडत नाही, पण गुणवत्ता यादीतील नाव चुकले तर ते प्रकरण वेगळे. म्हणून नावे व गुण असलेल्या पानांची, फॉन्ट बसवलेल्या एका जुन्या संगणकावरून, पीडीएफ करून घ्यावी, मूळ फाइल शेजारी ठेवावी, आणि रूपांतरित मजकूर केवळ शोधण्याच्या सोयीसाठी आहे असे त्यावर नमूद करावे.

तार काढणे

सर्व काही हलवून झाल्यावर जुन्या सर्व्हरची केवळ नेटवर्कची तार काढावी आणि कोणाची बोंब येते ते पाहावे. वीज बंद करू नये, कारण दहा वर्षे अखंड फिरत असलेली हार्ड डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याचा भरवसा नसतो. पहिल्या वेळी तार चार तास काढावी, मग एक दिवस, मग एक आठवडा, आणि त्यानंतर सलग तीन महिने. प्रत्येक वेळी आलेली तक्रार शिरगणतीच्या यादीत लिहावी.

या काळात दोन संपूर्ण बॅकअप घ्यावेत आणि ते दोन वेगळ्या आवारांत ठेवावेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ज्यांनी तो दिवस पाहिला आहे ते तळमजल्यावरच्या कपाटात एकुलता एक बॅकअप ठेवणार नाहीत. एक प्रत कालिन्याला असेल तर दुसरी फोर्टात, आणि दोन्ही वरच्या मजल्यावर. बॅकअपमधून एक पेटी आणि एक संकेतस्थळ प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये.

त्यानंतर डीएनएसची साफसफाई करावी. जुन्या होस्टिंगकडे बोट दाखवणारी उपडोमेनची एकही नोंद मागे राहू देऊ नये. ज्या बाहेरच्या सेवेकडे ती बोट दाखवते तेथील आपली जागा दुसऱ्या कोणी घेतली तर विद्यापीठाच्या नावाने त्याचा मजकूर दिसू लागतो. ज्या जुन्या उपडोमेनवर आता ईमेल घ्यायचाच नाही, तेथे एमएक्स नोंदीत केवळ एक टिंब लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे पाठवणाऱ्याला पाच दिवस ताटकळत न ठेवता लगेच नकार कळतो. त्याच उपडोमेनवरून कोणीही ईमेल पाठवण्यास अधिकृत नाही अशी एसपीएफ नोंद आणि ‘नाकारा’ असे सांगणारी डीमार्क नोंद ठेवावी, म्हणजे निवृत्त पत्त्याचे सोंग घेऊन कोणाला पत्रे पाठवता येणार नाहीत.

यंत्राची विल्हेवाट शेवटी लावावी. हार्ड डिस्क पुसाव्यात किंवा त्यांना भोके पाडावीत, क्रमांकासह पंचनामा करावा, मगच डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखनाचा प्रस्ताव द्यावा. चुंबकाने पुसण्याची पद्धत एसएसडीला लागू पडत नाही हे लक्षात ठेवावे. उरलेले यंत्र रद्दीवाल्याकडे न देता ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवून पावती घ्यावी.

डोमेनचे नाव मात्र सोडू नये, मग त्यावर काहीही चालत नसले तरी. ज्या विद्यापीठांची नावे अर्नेट इंडियाकडे एसी डॉट इनखाली नोंदलेली आहेत त्यांना धोका कमी. परंतु अनेक महाविद्यालयांनी पूर्वी खासगी नोंदणीदाराकडून डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी घेतलेले असते, आणि ते नूतनीकरणाविना सुटले की जो कोणी ते विकत घेईल त्याला त्या पत्त्यांवर येणारे प्रत्येक ईमेल मिळू लागते. नूतनीकरणाची सूचना कोणा एका कर्मचाऱ्याच्या नावे न ठेवता कुलसचिव आणि संगणक केंद्रप्रमुख या दोन पदांच्या पत्त्यांवर येईल अशी नोंद करावी, आणि ते दोन्ही पत्ते त्याच डोमेनवरचे नसावेत.